बोलायला कारण हवं

बाकं फिरताहेत. आठवीच्या या वर्गात ४६ मुलं आहेत, म्हणजे २३ जोड्या. आणि प्रत्येक जोडीने एकमेकांकडे पाठ करून बसायचं, असं मॅडमनी सांगितलंय. बाकांचे लोखंडी पाय फरशीवर करकरतात. शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर दारात येऊन डोकावतात. "दोनच मिनिटं हं, सर," मॅडम म्हणतात. सर मान हलवून परत जातात.

शिरोळ तालुक्यातलं हे मराठी माध्यमाचं हायस्कूल. ऑगस्ट सरत आलाय. खिडकीबाहेर ऊस उभा आहे आणि नदीच्या बाजूच्या सखल रानात त्याच्या पानांवर गाळाचा पिवळट थर वाळून बसलाय. पाणी ओसरून फार दिवस झालेले नाहीत. जेवणाच्या सुट्टीनंतर इंग्रजीचे दोन तास लागोपाठ आहेत. मी शेवटच्या बाकावर वही उघडून बसलोय. ज्या मुलांच्या घरात, गल्लीत, बाजारात कुणी इंग्रजी बोलत नाही, ती मुलं इंग्रजीत बोलायला शिकतात ती कशी, हे मला जवळून पाहायचंय.

गावात इंग्रजी दिसायला सगळीकडे दिसतं. खताच्या पोत्यावर, औषधाच्या पाकिटावर, मोबाइलच्या पडद्यावर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर. पण इंग्रजीत कुणी काही विचारलं आणि त्याला उत्तर द्यावं लागलं, असा प्रसंग या मुलांवर शाळेबाहेर येत नाही. कागदोपत्री ही त्यांची तृतीय भाषा आहे. मराठी पहिली, हिंदी दुसरी. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे वर्गातली ही मुलं इंग्रजीच्या आठव्या वर्षात आहेत. धडे वाचता येतात, प्रश्नोत्तरं लिहिता येतात, कविता पाठ आहेत. बोलायची वेळ आली की मात्र नजर फरशीकडे जाते. ही तक्रार प्रत्येक मराठी शाळेत ऐकू येते आणि तिच्यावर 'आणखी व्याकरण' हा एकच उपाय सुचवला जातो. या वर्गात मॅडम दुसरी वाट धरताहेत.

त्या कागद वाटतात. अर्ध्या मुलांना 'अ' कागद, अर्ध्यांना 'ब'. दोन्हींवर कुरुंदवाड ते कोल्हापूर एसटीचं वेळापत्रक आहे, सहा गाड्यांचं. वेळा मॅडमनी स्वतःच घातल्यात. 'अ' कागदावर जे रकाने मोकळे आहेत ते 'ब'वर भरलेले आहेत, आणि 'ब'वर जे मोकळे आहेत ते 'अ'वर. जोडीदाराचा कागद बघायचा नाही. पाठमोरं बसून, फोनवर बोलल्यासारखं विचारायचं आणि आपले रकाने भरायचे. सगळ्यात खाली काम लिहिलंय : मावशीला सकाळी अकराच्या आत कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात पोचायचं आहे. तिने कोणती गाडी धरावी?

"स्टार्ट," मॅडम म्हणतात.

वर्ग गप्प.

मग मराठीत कुजबुज सुरू होते. "आधी तू विचार की." "न्हाई, तू." "काय विचारायचं पर?" मॅडम ऐकून न ऐकल्यासारखं करतात. काय बोलायचं ते मराठीत ठरवायला इथे मुभा आहे; रकाना मात्र इंग्रजीत विचारूनच भरायचा. अर्धं मिनिट जातं. खिडकीजवळची एक मुलगी, हिरव्या रिबिनीची, मान वळवायचा मोह आवरते आणि छताकडे बघत मोठ्याने म्हणते, "फर्स्ट बस, व्हॉट टाइम?"

"सिक्स फोर्टी," पाठीमागून उत्तर येतं.

बस्स. वर्गाची कोंडी फुटते. तिचा आवाज ऐकून दुसरी जोडी सुरू होते, तिच्यावरून तिसरी. दोन मिनिटांत वर्गात इतका गलका होतो की कुणाचं कुणाला ऐकू येईना. आणि ऐकू येत नाही म्हणूनच मुलं जास्त नीट, जास्त जोरात बोलायला लागतात. मी हिरव्या रिबिनीच्या बाकाजवळ सरकतो.

"थर्ड बस, व्हॉट टाइम?"

"नाइन फिफ्टीन."

"नाइन फिफ्टी?"

"फिफ्टीन."

"फाइव्ह झिरो?"

"नो नो. वन फाइव्ह. फिफ-टीऽऽन."

"ओके. वन फाइव्ह. नाइन फिफ्टीन." ती लिहिते.

फिफ्टी आणि फिफ्टीनमधला फरक या मुलींना पाचवीत कुणीतरी शिकवलेला असणारच. त्या दिवशी तो फळ्यावर राहिला. आज त्या फरकावर गाडी चुकायची की मिळायची हे ठरतंय, म्हणून पाठीमागची मुलगी शब्दाचं शेपूट ताणून उच्चारते आणि हिरव्या रिबिनीची ते कान देऊन ऐकते. 'नीट उच्चार कर' असं या दोघींना कुणी सांगितलेलं नाही. एकीला कळलं नाही, तिने विचारलं. दुसरीने तोड काढली, आकडे सुटे करून सांगितले. परकी भाषा शिकण्यातला फार मोठा भाग या असल्या छोट्या दुरुस्त्यांतून होतो. न कळणं, ते कबूल करणं, पुन्हा विचारणं, समोरच्याने वेगळ्या रीतीने सांगणं, आणि मग कळणं.

या दुरुस्त्यांसाठी लागणारी हत्यारं मॅडमनी भिंतीवर टांगली आहेत. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सहा वाक्यं : 'से इट अगेन, प्लीज.' 'स्लोली, प्लीज.' 'आय डोन्ट अंडरस्टँड.' 'डू यू मीन…?' 'हाउ डू यू स्पेल इट?' 'वेट, आय ॲम थिंकिंग.' जूनपासून ती तिथे आहेत. ज्याला काहीच बोलता येत नाही त्यालाही या सहा वाक्यांवर संभाषण रेटून नेता येतं. ही वाक्यं मुलांनी फोडून, कर्ता-कर्म-क्रियापद ओळखून शिकलेली नाहीत. अख्खीच्या अख्खी उचलली आहेत. लहान मूल घरात बोलायला लागतं तेव्हाही कितीतरी वाक्यं अशी अख्खी येतात आणि त्यांची फोड पुढे सावकाश होते.

दारालगतच्या बाकावर अडचण उभी राहिलीये. 'ब' कागदावर सूचना आहे : नदीकाठचा रस्ता पाण्याखाली असल्याने चौथी गाडी इचलकरंजीवरून वळसा घालून जाईल. ही सूचना मराठीत छापलीये आणि ती इंग्रजीत सांगायची आहे. कागद धरून बसलेली मुलगी ओठ चावते. वळशाला इंग्रजी शब्द तिला माहीत नाही. मागचा मुलगा घाई करतो, "सांग की." "मी सांगतो की, थांब जरा," ती कोल्हापूरकडच्या मुलींच्या रीतीने म्हणते, आणि मग इंग्रजीत उडी घेते.

"फोर्थ बस… नॉट दिस रोड. दिस रोड, वॉटर."

"वॉटर?"

"वॉटर ऑन रोड. रिव्हर वॉटर. बिग वॉटर."

"फ्लड?"

"येस! फ्लड! सो बस गो… इचलकरंजी. देन कोल्हापूर. लाँग रोड."

"लाँग रोड. ओके. देन टाइम?"

"टाइम मोअर. वन अवर मोअर."

मुलगा आकडेमोड करून मोठ्याने म्हणतो, "देन फोर्थ बस नो यूज. आफ्टर इलेव्हन."

व्याकरणाच्या तराजूत यातलं जवळजवळ कुठलंच वाक्य पुरं भरणार नाही. तरीही या मुलीने काय केलं ते पाहा. शब्द नव्हता तर त्याचा अर्थ सुटा केला, जवळचे शब्द गोळा केले, पलीकडच्याने 'फ्लड' हा शब्द पुरवताच तो लगेच उचलला आणि पुढच्या वाक्यात वापरला. निरोप अचूक पोचला, आणि पलीकडच्याने त्यावर निर्णयही घेतला. या तालुक्याने २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर पाहिलाय, २०२१ मध्ये पुन्हा पाणी पाहिलंय. रस्ता पाण्याखाली गेला तर काय होतं हे या दोघांना कुणी समजावून द्यायला नको. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं होतं, म्हणून मोडक्या इंग्रजीतही ते सांगता आलं.

मायकेल कनेल आणि मेरिल स्वेन या कॅनडातल्या दोन अभ्यासकांनी १९८० साली संवादक्षमतेची फोड केली तेव्हा याच गोष्टीला स्वतंत्र मान दिला. त्यांच्या मांडणीत व्याकरणाचं ज्ञान हा एक पदर आहे, प्रसंगाचं आणि माणसाचं भान हा दुसरा, आणि अडलं तिथे मार्ग काढायची हिकमत हा तिसरा. कनेल यांनी १९८३ मध्ये चौथा पदर जोडला : सुटी वाक्यं एकमेकांना जोडून सलग बोलणं. आपल्या शाळांमधली बरीचशी शक्ती पहिल्या पदरावर खर्च होते. दारालगतच्या बाकावर तिसरा पदर विणला जातोय आणि त्याच्या ओढीने पहिलाही घट्ट होतोय, कारण 'फ्लड' हा शब्द ही मुलगी आता विसरणार नाही.

मॅडम वर्गात फिरताहेत. हातात छोटी वही. त्या थांबतात, कान देतात, काहीतरी टिपतात, पुढे जातात. कुणाचंही वाक्य मध्येच तोडत नाहीत. एक मुलगा "बस इज कम नाइन ओ'क्लॉक" म्हणतो आणि सवयीने मॅडमकडे बघतो, बरोबर का म्हणून. मॅडम जोडीदाराकडे बोट दाखवतात : त्याला कळलं का ते बघ. जोडीदाराने रकाना भरलेला असतो. मुलगा पुढच्या गाडीकडे वळतो.

पंधरा मिनिटांनी टाळी वाजते. बाकं पुन्हा सरळ होतात. आता प्रत्येक जोडीतल्या एकाने उभं राहून सांगायचं : मावशीने कोणती गाडी धरावी आणि का. इथे चौथा पदर दिसायला लागतो. आत्तापर्यंत दोन-तीन शब्दांत भागत होतं. आता कारण द्यायचं म्हटल्यावर वाक्यांना सांधे लागतात. "फर्स्ट बस इज व्हेरी अर्ली. बट सेकंड बस इज फुल. सो आँटी गो थर्ड बस." 'बट' आणि 'सो' हे दोन शब्द वर्गभर फिरायला लागतात. एकाने वापरला की दुसऱ्याला तो सापडतो. एक मुलगा हिमतीने 'बिकॉज'वर जातो, "थर्ड बस इज गुड बिकॉज, फ्लड नाही, नो फ्लड, अँड टाइम इज राइट." मध्ये 'नाही' येऊन गेलं त्याचं कुणाला काही वाटत नाही. तोही थांबत नाही.

मग मॅडम फळ्याकडे वळतात. वहीतली तीन वाक्यं फळ्यावर उतरवतात, कुणाचं नाव न घेता. 'बस इज कम नाइन ओ'क्लॉक.' 'आँटी गो थर्ड बस.' 'व्हॉट टाइम बस' असं तिसरं वाक्य अर्धवट राहतं, कारण पुढच्या बाकावरून आधीच हात वर झालाय. "मॅडम, 'कम्स' पाहिजे." "का?" "बस एक आहे ना." दुसरा म्हणतो, "आणि 'इज' कशाला मग?" मॅडम 'इज' पुसतात. 'व्हॉट टाइम डझ द बस लीव्ह?' हे वाक्य वर्ग मिळून तयार करतो आणि मुलं ते आपण होऊन वहीत उतरवून घेतात. तृतीयपुरुषी एकवचनाचा नियम त्यांनी परीक्षेत अनेकदा सोडवलाय. आज पंधरा मिनिटं त्याची उणीव स्वतःला भासल्यावर तो समोर आलाय, म्हणून 'इज कशाला' हा प्रश्न मुलाच्या तोंडून येतोय.

पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली एका निबंधात शिकणाऱ्याच्या चुकांकडे नव्या नजरेने पाहायला शिकवलं. शिकणारा कुठवर पोचलाय आणि भाषेबद्दल मनाशी कोणता नियम बांधतोय, ते चुकांवरून कळतं, असं त्याचं म्हणणं. मॅडमच्या वहीतली पानं हाच नकाशा आहे. 'इज कम' म्हणणाऱ्या मुलाने इंग्रजीत क्रियापदाआधी काहीतरी लागतं हे ओळखलंय. काय लागतं ते अजून पक्कं झालेलं नाही. त्याला शून्य गुण दिले तर ही अर्धी वाट चालून आल्याची खूण पुसली जाते.

वेळापत्रकाचा हा खेळ मॅडमच्या मनाने निघालेला नाही, त्यामागे आपल्याच देशातला एक मोठा प्रयोग आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये, प्रादेशिक भाषेच्या माध्यमातून शिकणाऱ्या मुलांना, व्याकरणाचा ठरीव अभ्यासक्रम बाजूला ठेवून इंग्रजी शिकवून पाहिलं. 'बंगलोर प्रकल्प' म्हणून तो जगभर ओळखला जातो. धड्याच्या जागी तिथे सोडवायला प्रश्न असायचे : नकाशावरून वाट शोधा, रेल्वेच्या वेळापत्रकावरून प्रवास ठरवा. मुलाचं मन अर्थामध्ये गुंतलेलं असताना व्याकरण आपसूक मुरतं, अशी प्रभूंची धारणा होती. त्यांनी अशा कामांचे तीन प्रकार केले. एकाजवळची माहिती दुसऱ्याला पोचवायची, हाती असलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढायचा, आणि आपलं मत मांडायचं. आजच्या कागदावर पहिले दोन आहेत. रकाने भरणं हा पहिला. मावशीची गाडी ठरवणं हा दुसरा. १९८७ साली प्रभूंचं पुस्तक आलं आणि जगभरच्या भाषाशिक्षकांनी त्यावर वाद घातले, त्यातून शिकले. आपल्याकडच्या साध्या, भरलेल्या वर्गांतून हा विचार उभा राहिला, याचा आपल्या शिक्षकांना अभिमान वाटायला हवा.

दुसरा तास सुरू होतो. टेबल पुढे ओढलं जातं. ती झाली एसटीची चौकशी खिडकी. एक मुलगी आत बसते, कंट्रोलर म्हणून. बाहेर रांग लागते. पहिलाच मुलगा येतो, उंच, आवाज खणखणीत.

"टेल मी कोल्हापूर बस टाइम."

वाक्य धड आहे, शब्द स्पष्ट आहेत. आतली मुलगी मान फिरवते. "नो."

वर्गात खसखस. मुलगा गोंधळतो, पुन्हा म्हणतो, "टेल मी बस टाइम!" यावेळी जरा जोरात. "नो टेल," ती हाताची घडी घालते.

मॅडम तिला मराठीत विचारतात, "का गं, का नाही सांगत?"

"मॅडम, हा ऑर्डर सोडालाय."

यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. मॅडम वर्गाला विचारतात, आपण स्टँडवर कसं विचारतो? "साहेब, कोल्हापूरची गाडी किती वाजता हाय हो?" एक जण म्हणून दाखवतो. म्हणजे 'साहेब' आहे, 'हो' आहे, आवाजात नरमाई आहे. मग हे सगळं इंग्रजीत कशाने येतं? मुलं शोधायला लागतात. 'प्लीज' सगळ्यांना माहीत आहे. 'एक्सक्यूज मी' एकीला. 'सर' म्हणायचं का 'मॅडम', यावर थोडी चर्चा होते. शेवटी मॅडम एक जोड देतात, 'कॅन यू टेल मी…'. रांग पुन्हा लागते. उंच मुलगा घसा खाकरतो.

"एक्सक्यूज मी, मॅडम. कॅन यू टेल मी कोल्हापूर बस टाइम, प्लीज?"

"येस. नाइन फिफ्टीन. प्लॅटफॉर्म टू."

"थँक यू, मॅडम."

आता मॅडम माणसं बदलतात. हाच प्रश्न वर्गमित्राला विचार. मुलगा पुन्हा 'एक्सक्यूज मी, कॅन यू' लावतो आणि वर्ग हसतो. मित्राशी इतकं कोण बोलतं? "हे, व्हॉट टाइम इज द बस?" इथे हेच शोभतं. मग मुख्याध्यापकांना विचार. मग वयस्कर पाहुण्यांना. एकच माहिती, चार माणसं, चार तऱ्हा. मुलं हे चटकन पकडतात, कारण मराठीत 'ये', 'या' आणि 'यावं' यांतली पायरी ती घरात रोज चढतात-उतरतात. माणूस ओळखून बोलायची जाण त्यांच्याजवळ आहेच. इंग्रजीत ती कोणत्या शब्दांवर बसवायची एवढंच शिकायचं आहे.

अमेरिकेतले मानववंशभाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी 'कम्युनिकेटिव्ह कॉम्पिटन्स' ही संज्ञा रूढ केली ती याच जाणिवेतून. नोम चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये भाषिक क्षमतेचा विचार मांडला, त्याच्या केंद्रस्थानी व्याकरण होतं. हाइम्स यांची हरकत अशी की शुद्ध वाक्य बनवता येणं म्हणजे भाषा येणं नव्हे. कुणाशी, कुठे, केव्हा, काय आणि कसं बोलावं, कधी बोलूच नये, हेही भाषेच्या ज्ञानातच येतं. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने भाषाशिक्षणाची दिशा बदलली. त्यातला मुद्दा खिडकीमागच्या आठवीतल्या मुलीने तीन शब्दांत सांगून टाकलाय.

रांगेत एक मुलगी आहे. दोन वेण्या, वही छातीशी धरलेली. चाचणीत तिला इंग्रजीत सगळ्यात जास्त गुण असतात, असं मॅडमनी मघाशी सांगितलंय. मघाच्या कामात ती सगळ्यात कमी बोलली. तिची पाळी येते. तिने आपले प्रश्न वहीत लिहून आणलेत आणि मॅडम तिला वही बघू देतात. ती वाचते, एकेक शब्द जागच्या जागी : "एक्सक्यूज मी, सर. कॅन यू टेल मी व्हॉट टाइम द बस लीव्ह्ज फॉर कोल्हापूर?" खिडकीत आता दुसरा मुलगा आहे. तो व्याकरणात न बसणारं इंग्रजी बेधडक बोलतो आणि संभाषण कधी थांबू देत नाही. तो सरळ उत्तर देत नाही. उलट विचारतो, "व्हाय यू गो कोल्हापूर?"

वहीत याचं उत्तर नाही. मुलगी वहीकडे बघते, भिंतीकडे बघते. भिंतीवरचं शेवटचं वाक्य उचलते. "वेट, आय ॲम थिंकिंग." वर्ग थांबतो. मॅडम काही बोलत नाहीत. तीन-चार सेकंद जातात. वर्गात हा वेळ फार मोठा वाटतो आणि इथेच बहुतेक शिक्षक उत्तर पुरवून मोकळे होतात.

"माय आँटी… इज इन हॉस्पिटल. आय वॉन्ट टू मीट हर."

"ओके. नाइन फिफ्टीन. गो फास्ट!"

ती वही मिटते आणि जागेवर जाते. पुढच्या फेरीत ती पुन्हा रांगेत उभी आहे, वही बाकावर ठेवून. या मुलीजवळ शब्द होते, नियम होते, शुद्धलेखन होतं. त्या सगळ्याला आयत्या वेळी हाकेला ओ द्यायची सवय नव्हती. ती सवय ऐन वेळी ओ द्यावी लागल्यानेच लागते. खिडकीतल्या मुलाचं उलट आहे : त्याची भीड चेपलीये, पण वाक्याचे सांधे ढिले आहेत. त्याने तिच्या तोंडून 'व्हॉट टाइम द बस लीव्ह्ज' ऐकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो "बस लीव्ह्ज फ्रॉम प्लॅटफॉर्म टू" असं सांगतो. दोघांना एकमेकांची गरज आहे आणि मॅडमनी त्यांना ठरवून समोरासमोर आणलंय.

घंटा होते. मुलं वहीच्या पानावर दोन ओळी लिहितात : आज कोणतं नवीन वाक्य वापरलं, आणि काय सांगायचं होतं पण सांगता आलं नाही. ही दुसरी ओळ मॅडमसाठी आहे. उद्याचा तास त्या तिच्यावरून ठरवतात. एकीने लिहिलंय, 'वळसा कसा सांगायचा?' दुसऱ्याने, 'गाडी चुकली तर काय म्हणायचं?'

शिक्षकखोलीत चहा येतो. मॅडमच्या अडचणी खऱ्या आहेत. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. बाकं हलवली की गलका होतो आणि वर्ग हातात नाही असा समज होतो. पालक येऊन सांगतात, "मॅडम, खेळ कमी करा, ग्रामर घ्या." दहावीच्या १०० गुणांत बहुतेक भार लेखी परीक्षेवर असतो, तोंडी कामाचा वाटा त्या मानाने थोडा. या सगळ्यांतून त्या आठवड्यातले दोन तास काढतात, उरलेल्या तासांना धडे आणि कृतिपत्रिकेची तयारी चालते. धड्यांचाही त्यांना उपयोग होतो. धड्यातली वाक्यं मुलांच्या कानावर आणि नजरेखालून गेली नसती तर खिडकीत उभं राहून मुलं बोलली कशाने असती, असं त्या विचारतात. ऐकणं-वाचणं हे भांडवल. बोलताना ते खेळवायला मिळालं की वाढतं.

मी वहीत एक गणित मांडतो. ४० मिनिटांचा तास, ४६ मुलं. शिक्षक एकही शब्द बोलले नाहीत आणि मुलं एकेक करून बोलली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. ५२ सेकंद येतात. शिक्षक अर्धा तास स्वतः बोलले तर १३ सेकंद. तेच मुलं जोडीने बोलली तर पंधरा मिनिटांच्या कामात प्रत्येकाला सात-साडेसात मिनिटं बोलायला आणि तेवढीच लक्ष देऊन ऐकायला मिळतात. शाळेत आठ वर्षं इंग्रजी शिकूनही मूल का बोलत नाही, याचं बरंचसं उत्तर या गणितात आहे. त्याच्याजवळ बुद्धी आहे, शब्द आहेत. बोलायला वेळ मिळालेला नाही आणि बोलायला कारण मिळालेलं नाही.

दोन्ही देता येतात, हे मी आज या वर्गात पाहिलंय. त्याला भाषा-प्रयोगशाळा लागली नाही, पडदा लागला नाही, परदेशी उच्चारांची ध्वनिफीतही लागली नाही. झेरॉक्सचे ४६ कागद, भिंतीवर एक पुठ्ठा आणि मूल अडखळत असताना गप्प राहू शकणारी एक शिक्षिका, एवढ्यावर काम झालं. म्हणून मराठी शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : आठवड्यातले दोन तास मुलांच्या बोलण्याला द्या, आणि त्यांनी विचारल्याशिवाय कळणार नाही असं काहीतरी त्यांच्यापुढे ठेवा. मुख्याध्यापकांनी त्या दोन तासांचा आवाज खपवून घ्यावा. तो शिकण्याचा आवाज आहे. आणि पालकांनी, मूल घरी येऊन मोडकंतोडकं इंग्रजी बोललं तर पहिली चूक काढण्याआधी त्याला पुढचा प्रश्न विचारावा. इंग्रजी येत नसेल तर मराठीत विचारावा. त्याला उत्तर द्यावंसं वाटलं पाहिजे, म्हणजे भाषा त्याच्यामागोमाग येते.